पंडिता रमाबाई : अंतःकरणाची राखण आणि उघडे दार

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आमच्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. त्यांच्या विद्वत्तेविषयी, परदेशच्या प्रवासांविषयी आणि केडगावच्या कार्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. ते सगळे येथे पुन्हा सांगण्याचा आमचा विचार नाही. त्यांच्या आयुष्याकडे आम्ही आज एकाच बाजूने पाहणार आहो, आणि ती बाजू आम्ही का निवडली हे आधी सांगितलेले बरे.

दुखावलेल्या मनुष्याने आपले मन किती झाकावे व किती उघडे ठेवावे, हा प्रश्न खेड्यातल्या पाळकापुढे वारंवार येतो. कोणाला भाऊबंदांनी वाटणीत फसविलेले असते, कोणाला सासरने टाकलेले असते, कोणी बाप्तिस्मा घेतल्यामुळे जन्मघरास पारखा झालेला असतो. अशांपैकी एक जण ठरवितो की आता कोणालाही जिवाजवळ करावयाचे नाही. तो उपासनेस येतो, पण मागे बसून मागच्या मागे निघून जातो. दुसरा ख्रिस्ती प्रीतीचा अर्थ असा करतो की जो येईल त्याच्यापुढे आपले सर्वस्व ओतावे; मग वर्षा दोन वर्षांत तो रिता होतो, आणि ज्यांच्यासाठी रिता झाला त्यांनाच दूषणे देत बसतो. पवित्र शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत. सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा अंतःकरणाला अधिक जपावे असा शलमोनाचा उपदेश आहे. आणि परक्याला घरात घ्यावे असाही उपदेश आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर दोन्ही अगदी जवळजवळ आलेल्या आहेत. दुसऱ्या अध्यायात आमचा प्रभू यरुशलेमेतील लोकांच्या हाती स्वतःला सोपवीत नाही, कारण मनुष्याच्या अंतरात काय आहे हे त्याला ठाऊक होते. चौथ्या अध्यायात तोच प्रभू थकूनभागून विहिरीवर बसतो आणि एका परक्या, बदनाम स्त्रीजवळ पाणी मागतो. ह्या दोहोंचा मेळ एका मनुष्याच्या जन्मात कसा बसतो, हे पाहावयाचे असेल तर रमाबाईंसारखे उदाहरण आमच्या प्रांतात दुसरे नाही, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रीला संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक त्यांनी मोडला, आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले, आणि त्यासाठी शास्त्र्यांपुढे उभे राहून उत्तरही दिले. रमाबाई आईजवळ शिकल्या. पुढे हे कुटुंब तीर्थे करीत, देवळांत पुराण सांगत देशभर हिंडू लागले. मुलीने भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ केले होते. परंतु पोटासाठी मोलमजुरी करावी ही गोष्ट ह्या घरात कोणाला शिकविलेलीच नव्हती. म्हणून मद्रास इलाख्याच्या बाजूस दुष्काळ पडला तेव्हा हे विद्वान कुटुंब अक्षरशः अन्नावाचून मेले.

१८७४ च्या सुमारास अनंतशास्त्री वारले. थोड्याच आठवड्यांनी आई गेली. आई तापात अन्नासाठी तळमळत होती, तेव्हा सोळा वर्षांची रमा शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागावयास गेली. पण मागण्याची सवय नसल्यामुळे लाजेने तिच्या तोंडून शब्द निघेना. त्या बाईने ओळखून बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन मुलगी घरी आली तेव्हा आईच्या अंगी तो खाण्याचे बळ उरले नव्हते. प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मिळाले. उरलेले खांदेकरी म्हणजे मुलेच. रमा उंचीने सर्वांत लहान. तिचा खांदा तिरडीला पुरेना, म्हणून आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला, आणि कित्येक मैल लांबचे स्मशान गाठले. पुढे थोड्याच काळात थोरली बहीणही गेली.

राहिली भावंडे दोन. श्रीनिवासशास्त्री आणि रमा पायी चालत उत्तरेस निघाले, ते काश्मीरपर्यंत गेले. पंजाबात थंडीच्या दिवसांत पांघरूण नव्हते, तेव्हा नदीच्या काठी थडग्यासारखे दोन खड्डे खणून त्यांत निजत आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेत. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा पाहून त्या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. काल ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी आज सभा भरू लागल्या. परंतु १८८० साली डाक्क्यास भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणीचा विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोघांनाही आपापल्या लोकांनी वाळीत टाकल्यासारखेच झाले. आसामात सिल्चर येथे त्यांनी संसार मांडला, एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले.

आठ वर्षांत बाप, आई, बहीण, भाऊ व पती. वय अवघे तेवीस, आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी. अशा स्त्रीने पुढचा सगळा जन्म एका खोलीत दार लावून काढला असता तर तिला कोणी बोल लावला नसता. उलट त्या काळी विधवेने तसेच करावे अशीच समाजाची अपेक्षा होती. रमाबाई पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रियांसाठी पुस्तक लिहिले, आणि सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मिळावेत अशी मागणी केली. शोक त्यांनी लोकांपुढे मांडला नाही आणि नाकारलाही नाही. त्यांच्या स्वतःच्या लिखाणात आईबापांच्या मृत्यूची हकिकत आहे ती पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्या दुष्काळाच्या वेळी, लिहिलेली आहे. तिच्याविषयी पुढे सांगू.

१८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घ्यावे ह्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. पुण्यात काम करणाऱ्या सेंट मेरीच्या भगिनीमंडळाने त्यांना वाँटेज येथील आपल्या मठात आश्रय दिला. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिने त्या परक्या देशात थोड्याच काळात आपल्या हाताने प्राण दिला. त्याच सालच्या २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. सिल्चरला पतीच्या घरी लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती, तेव्हापासूनचा हा प्रवास. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना फुलहॅम येथील एक आश्रम दाखविला. तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांना प्रीतीने वागविले जाई. ख्रिस्ती लोक हे का करितात असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. वर आम्ही ज्या चौथ्या अध्यायाचा उल्लेख केला तोच हा अध्याय.

कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात शिकू लागल्या व संस्कृत शिकवू लागल्या. आणि येथे, उपकारकर्त्यांच्याच घरात, त्यांच्यापुढे एक निराळी अडचण उभी राहिली. शत्रूपासून मन राखणे फारसे अवघड नाही. जो आपल्यावर प्रीती करितो, आपल्याला जेवू घालतो, आणि त्याबरोबर आपल्या विवेकाची किल्लीही मागतो, त्याच्यापुढे काय करावे?

सिस्टर जेरल्डिन ही रमाबाईंची आध्यात्मिक आई. रमाबाई तिला आजीबाई म्हणत, छोटी मनोरमा तिच्या अंगाखांद्यावर वाढली. पण नव्या शिष्येने मंडळीचे सगळे मत प्रश्न न विचारता मान्य करावे अशी त्या भगिनीची अपेक्षा होती, आणि रमाबाईंना प्रश्न विचारल्यावाचून काहीच मान्य करिता येत नसे. त्रैक्याचे तत्त्व, मंडळीचा अधिकार, अशा विषयांवर दोघींची लांबलचक पत्रे झाली. वधस्तंभाच्या पदकावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, हेही रमाबाईंनी विचारले. त्या मांस खात नसत, वेष आपल्याकडचाच ठेवीत. ह्याला जेरल्डिनबाई जातीचा अभिमान समजत. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रसंग आला तेव्हा हिंदुस्थानातील काही बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी स्पष्ट कळविले की देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी आपण दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करणार नाही. ज्या बाईने आपल्या बापाला शास्त्र्यांच्या सभेपुढे ताठ उभे राहिलेले ऐकले होते, तिच्याकडून दुसरे काय व्हावे!

ह्या पत्रव्यवहारात कधी कधी बाईंची लेखणी तिखट होते, हे आम्ही लपवीत नाही. हट्ट आणि विवेक ह्यांच्या मधली वाट फार अरुंद आहे, आणि तरुणपणी त्या एखादे वेळी तिच्यावरून घसरल्या असाव्यात. पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. एवढे होऊनही त्यांनी आजीबाईशी असलेले नाते तोडले नाही. मतभेदाच्या पत्रातही लेकीची खुशाली लिहिली, प्रीतीचा शब्द लिहिला, आणि मनोरमेला त्या घराच्या मायेपासून तोडले नाही. आपल्याकडे काय होते पाहा. पंचकमिटीत एका ठरावावर मत पडले नाही की लोक एकमेकांच्या घरचे पाणी पिणे सोडतात. ह्या दोन स्त्रिया देवाच्या स्वरूपाविषयी भांडल्या, आणि पत्रे पाठवीत राहिल्या.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या व तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर लिहिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या नावाची सभा स्थापन होऊन विधवांच्या शाळेस दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. अट अशी की शाळेत धर्माची सक्ती नसावी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आरंभी दोनच विद्यार्थिनी होत्या. त्यांपैकी बालविधवा गोदूबाई ह्या पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. मुलींना आपापला आचार पाळण्याची, आपापल्या रीतीने स्वयंपाक करण्याची पूर्ण मोकळीक होती. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळात होते.

ह्याच काळात बाईंच्या अंतर्यामी एक मोठा पालट झाला. आठ वर्षांपूर्वी आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, असे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले. त्या रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातील मुलींना खोलीत येण्यास कधीच मज्जाव नव्हता, तो प्रार्थनेच्या वेळीही नव्हता. काही मुली कुतूहलाने येऊन बसू लागल्या. पुढे काही मायेने येऊ लागल्या.

पुण्यात ओरड झाली. वर्तमानपत्रांनी, त्यांत केसरीने विशेष, बाईंवर विश्वासघाताचा आरोप ठेविला. प्रार्थना करावयाची तर दार लावून करा, असे त्यांना सुचविण्यात आले. दिसण्यात सूचना अगदी साधी. एक कडी लाविली की सगळे वादळ शमले असते.

रमाबाईंनी कडी लाविली नाही. मुलींना त्यांचे पुराण, त्यांचे व्रत, त्यांची पूजा ह्यांस मोकळीक आहे. मग माझ्याच घरात माझ्याच देवाशी बोलताना मी चोरासारखे का वागावे, असा त्यांचा मुद्दा होता. कोणालाही त्यांनी बोलाविले नाही, आणि आलेल्या मुलीला उठवूनही लाविले नाही. शेवटी १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली सदनातून काढून नेल्या. आपल्या हाताखाली वाढलेल्या मुली एकेक करून दारातून बाहेर जाताना पाहणे हे त्या आईवेड्या बाईला काय झाले असेल, ते आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

येथे आम्ही दोन शब्द अधिक बोलतो. रानडे व भांडारकर हे बाईंचे वैरी नव्हते. लोकांच्या लेकी त्यांच्या भरवशावर सदनात आल्या होत्या, आणि आपल्या शब्दाला बाध येतो असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. बालविधवा मुलगी ज्या बाईच्या हातून अन्न, अक्षर व माया मिळते तिच्या देवाकडे ओढली जाणारच. तेव्हा सक्ती नाही म्हणजे प्रश्न संपला, असे म्हणता येत नाही. हे सगळे मान्य करून आमचे मत बाईंच्या बाजूचे आहे. त्यांनी दार लाविले असते तर मुलींना एकच गोष्ट कळली असती, की ह्या बाईच्या जिवाचा एक कप्पा आपल्यापासून लपविलेला आहे. ज्या मुलींपासून जगाने सगळेच लपविले होते, त्यांच्याशी बाईंना तसे वागावयाचे नव्हते. आणि एक लक्षात ठेवावे. दार उघडे होते म्हणून प्रार्थनेची वेळ कोणी मोडू शकत नसे. वाँटेजमध्ये जो विवेक त्यांनी आजीबाईच्याही हाती दिला नाही, तोच त्यांनी पुण्याच्या पुढाऱ्यांच्याही हाती दिला नाही. आतला देव्हारा पक्का होता, म्हणून बाहेरचे दार सताड ठेविता आले. ज्याचे आतले ठिकाण डळमळीत असते, तोच बाहेर कुलपांवर कुलपे लावितो असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ती बातमी वाचून बाईंना वीस वर्षांपूर्वीची आपली आई दिसू लागली. ह्या वेळी त्यांनी ती जुनी हकिकत उघडपणे लिहिली, ती भाकरी, ती तिरडी, ते स्मशान. जखमेवरची पट्टी त्यांनी काढली खरी, पण ती लोकांनी आपल्याकडे पाहून हळहळावे म्हणून काढली नाही. उपाशी मुलगी मदत का मागू शकत नाही, तिची जीभ लाजेने कशी जड होते, हे त्यांच्याइतके पोट भरलेल्या कोणत्याही अधिकाऱ्यास ठाऊक नव्हते. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. सरकारी अन्नछत्रांभोवती व दुष्काळी कामांवर तरुण मुलींना नासविण्यासाठी टपलेली माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि त्याविषयी उघड लिहिले. त्या फेरीत त्यांनी तीनशेच्या सुमारास विधवा व मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात इतकी माणसे ठेवण्यास परवानगी मिळेना. पुण्यापासून सुमारे ३५ मैलांवर केडगाव स्टेशनाजवळ बाईंनी फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तेथे गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि मुक्तिसदनाचा आरंभ झाला.

त्याच १८९७ साली सदनातील एका मुलीस प्लेगच्या रुग्णालयाच्या व्यवस्थेत नेण्यात आले व ती हरवली. बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारच्या प्लेगच्या कारभारात स्त्रियांची होणारी विटंबना चव्हाट्यावर मांडली. सरकार रागावले. मेमांच्या व साहेबांच्या मंडळात त्यांची ऊठबस होती, तेथेही हे पत्र कोणाला आवडण्यासारखे नव्हते. पण त्या वेळी गोड राहणे म्हणजे त्या एका मुलीला दुसऱ्यांदा हरविणे झाले असते.

मुक्तीत आलेल्या मुली आमच्या रविवारच्या शाळेतील शहाण्या मुलींसारख्या नव्हत्या. काहींच्या अंगावर व्रण, काहींच्या मनावर त्याहून खोल. भुकेने व अत्याचाराने त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. काही जणी निघूनही गेल्या. अशा शेकडो जिवांना एका बाईने आपल्या एकटीच्या काळजात जागा द्यावी म्हटले तर ते काळीज फाटावे. बाईंनी तसे केले नाही. मुलींच्या तुकड्या पाडल्या, प्रत्येक तुकडीवर एक बाई नेमिली. ती तुकडीची आई. सुंदराबाई पवार ह्यांच्यासारख्या सहकारिणींवर भार टाकिला. पुढे पतित म्हणून हिणविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढिले, ते मात्र मुक्तिसदनापासून निराळे ठेविले. एवढी प्रीती असताना हा भेद का, असे कोणी विचारील. भेद प्रीतीचा नव्हता. ज्या स्त्रीला रोगाची व व्यसनाची शुश्रूषा पाहिजे तिला एक प्रकारचे घर लागते, आणि नुकत्याच दुष्काळातून आलेल्या दहा वर्षांच्या पोरीला दुसऱ्या प्रकारचे. उभ्या पिकाला बाभळीचे कुंपण घालणारा शेतकरी पिकावर प्रीती करीत नाही असे कोण म्हणेल? आंधळ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठीही वेगळी सोय झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर सगळी मिळून संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आणि ह्या दोन हजारांत बाई स्वतः कोठे होत्या? त्या पहाटे लवकर उठून एकान्तात बसत. ती वेळ त्यांनी कोणाला दिली नाही. आमचा प्रभू लोकसमुदायाला निरोप देऊन डोंगरावर जात असे, हे आमच्यातले पुष्कळ सेवक व्याख्यानात सांगतात आणि आचरणात विसरतात. अर्ध्या रात्री कोणी हाक मारिली तर उठावे, हे खरे. पण रोजच अर्ध्या रात्री उठणाऱ्या पाळकाच्या स्वतःच्या घरात कोण उपाशी आहे, हेही पाहावे लागते. बाईंना ऐकू कमी येई. आम्हांस कधी कधी वाटते की त्या बहिरेपणातही देवाची काही योजना असावी. स्तुती आणि निंदा ह्या दोन्ही त्यांच्यापर्यंत थोड्या उशिरा पोहोचत.

शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, छापखाना, असे उद्योग मुक्तीत चालू झाले. पुराण पाठ असलेल्या पण मजुरी न येणाऱ्या घराची दैना बाईंनी लहानपणी पाहिली होती. आपल्या मुलींच्या हाताला कसब असावे हा त्यांचा आग्रह तेथून आलेला आहे. १९०५ साली मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली व तिची वार्ता देशोदेशी गेली. तिचे वर्णन पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून येथे करीत नाही.

शेवटची अठरा वर्षे त्यांनी एका कामास वाहिली. संस्कृतप्रचुर मराठी शास्त्र खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे पाहून त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास केला आणि सगळ्या पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्यास घेतले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले; केडगावच्या दिनक्रमात त्याने काही फरक पडला नाही. मनोरमा आता चाळिशीची झाली होती. आईचा उजवा हात, शारदासदनाची चालक, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविणारी. आपल्यामागे हे काम तिने चालवावे, असे सर्वांनी धरून ठेविले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या रुग्णालयात मनोरमा देवाघरी गेली.

तेवीस वर्षांच्या वयात ज्या बाईने सगळे गमावून एक मूल छातीशी धरिले होते, तिच्या हातून त्रेसष्टाव्या वर्षी तेही मूल गेले. ज्याला आपण मन राखणे म्हणतो त्याचा ह्यापुढे काय उपयोग? कोणते कुंपण अशा वेळी टिकते? बाई कामावर परत आल्या. प्रकृती खचलेली होती, तरी त्या भाषांतराची मुद्रिते तपाशीत बसल्या, मुली पूर्वीसारख्याच त्यांच्या खोलीत येत जात राहिल्या. आम्ही ह्यास धीरोदात्तपणा म्हणत नाही. तो शब्द राजेरजवाड्यांना शोभतो. ज्या मुली त्यांच्याकडे आई गमावून आल्या होत्या, त्यांच्यामध्ये लेक गमावलेली एक आई बसली, एवढेच.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी प्राण सोडिला. भाषांतर तोवर पुरे झाले होते. मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच स्त्रियांनी खिळे जुळविले, पाने छापिली, बांधणी केली. १९२४ साली संपूर्ण शास्त्र बाहेर आले. त्या जुळारणींतल्या कितीतरी जणी दुष्काळात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. केडगावचे ते आवार आजही आहे, आणि निराधार स्त्रिया व मुले आजही तेथे आसरा घेतात.